डब्यावरचे चित्र आणि डब्यातले विमान

प्लॅस्टिकचे सुटे भाग जुळवून विमाने, जहाजे करण्याचा छंद नातवंडांच्या पावलांनी आमच्या वाड्यात शिरला. मुलांचे लक्ष विमानाकडे. माझे मात्र डब्याकडे. वस्तू कशात घालून द्यावी, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

इंग्लंडच्या एअरफिक्स कंपनीने १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ड्रेकच्या ‘गोल्डन हाइंड’ जहाजाचा छोटा संच वूलवर्थच्या दुकानांतून दोन शिलिंगांना विकला, तो पारदर्शक पिशवीत! डब्याचा खर्च वाचला आणि जहाज शाळकरी मुलांच्या आवाक्यात आले. आत काय आहे, हेही झाकून राहिले नाही. पण नाजूक भागांना पिशवीचा आधार तो कितीसा?

पुढे डबे आले आणि त्यांवरील चित्रांना बहर आला. रॉय क्रॉस यांनी १९६४ पासून सुमारे दहा वर्षे एअरफिक्ससाठी रंगविलेली चित्रे रसिक आजही जपून ठेवतात. मात्र खऱ्या स्पिटफायरच्या पंखांचा विस्तार सुमारे ३७ फूट. १:७२ प्रमाणात तो जेमतेम ६ इंच भरतो. झाकणावर आभाळ व्यापणारे विमान प्रत्यक्षात तळहातावर मावते. जपानच्या शिझुओका येथील तामिया कंपनीने १:३५ प्रमाणातील अनेक रणगाड्यांच्या डब्यांवर पांढऱ्या पार्श्वभूमीवर नुसता रणगाडाच दाखविला. मला ही रीत अधिक प्रामाणिक वाटते.

आमच्याकडे आलेल्या एका संचाचा डबा पातळ पुठ्ठ्याचा, बाजूने उघडणारा होता. विमानाच्या बैठकीवरचे काचेसारखे झाकण वाटेतच तडकले. नातू ते किती वेळ हातात धरून बसला होता! पारदर्शक भागाची चीर गोंदाने सांधते, पण लपत नाही.

म्हणून माझ्या मनातला आदर्श डबा असा: पुठ्ठा जाड, झाकण वर उचलून निघणारे, म्हणजे तळाचा भाग काम चालू असताना तबकासारखा वापरता येतो. पारदर्शक भाग वेगळ्या पिशवीत; चिन्हांचे कागद ओल लागणार नाही असे. वर चित्र खुशाल देखणे असावे. परंतु बाजूला तयार प्रतिकृतीचे छायाचित्र, तिची लांबी, भागांची संख्या आणि गोंद व रंग वेगळे घ्यावे लागतील की नाही, हे स्पष्ट छापावे. वाढदिवसाच्या संध्याकाळी डबा उघडल्यावर घरात गोंद नाही असे कळले, तर मुलाची समजूत कोणी घालावी?