नाव मोठे, पण लक्षण तपासा : जुनी बुलेट घेताना

मुंबईच्या पूर्व उपनगरातले मानखुर्द आपल्या शेतकऱ्यांना तसे परके नाही. देवनारचा बकरा बाजार तिथून जवळ आणि खाडीचा पूल ओलांडला की पलीकडे वाशीचे मार्केट. १९७३ साली खाडीवर पहिला पूल झाला, तेव्हापासून घाटावर आणि कोकणात जाणारी वाहने याच वाटेने शहराबाहेर पडतात. पुढे पनवेलला वाटा फुटतात. एक खोपोली-खंडाळ्यावरून पुण्याकडे, दुसरी महाड, कशेडी घाट, चिपळूण करीत गोव्याकडे. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी असल्याने मोटारसायकलवाल्याला जुनाच रस्ता धरावा लागतो. सुट्टीच्या दिवशी पहाटे या वाटेवर जुन्या बुलेटची धडधड ऐकू येते.

मानखुर्दच्या मंडाळ्यात भंगाराची गोदामे आहेत. शहरातल्या कितीतरी जुन्या वस्तूंचा शेवट तिथे होतो. जुनी बुलेट मात्र सहजासहजी भंगारात जात नाही. रंग मारून, निकेल करून ती गिऱ्हाईक शोधत गावाकडे येते. उसाचे किंवा कांद्याचे बिल हातात पडले की घरातला तरणा पोरगा म्हणतो, "अण्णा, बुलेट घेऊ या." घ्यायला हरकत नाही. पण आपण बैल घेताना दात बघतो, चालवून बघतो. मग एवढे पैसे मोजताना नुसत्या नावावर का भुलायचे?

नाव कशाने झाले?

इंग्लंडमधल्या रेडिच गावच्या रॉयल एनफिल्ड कंपनीने १९३२ साली बुलेट हे नाव पहिल्यांदा वापरले. स्वातंत्र्यानंतर आपल्या लष्कराला सरहद्दीवरच्या गस्तीसाठी दणकट गाडी हवी होती. त्यासाठी ३५० सी.सी.च्या ८०० बुलेट मागवल्या गेल्या. १९५५ साली मद्रास मोटर्सच्या भागीदारीत एनफिल्ड इंडिया कंपनी निघाली आणि मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला गाडी बनू लागली. पुढे १९७० साली इंग्लंडमधली मूळ कंपनी बंद पडली. आपल्याकडचा कारखाना मात्र चालू राहिला आणि १९७७ पासून इथली बुलेट इंग्लंडला जाऊ लागली! १९९४ मध्ये हा कारखाना, ट्रॅक्टरमुळे आपल्या ओळखीच्या असलेल्या आयशर समूहाकडे आला.

खेड्यात त्या काळी राजदूत दूधवाल्याची, येझदी हौशी पोरांची आणि बुलेट फौजदाराची नाहीतर पाटलाची, अशी जणू वाटणीच होती. १९८५ मध्ये हिरो होंडाची १०० सी.सी.ची गाडी आली आणि लोक ॲव्हरेज बघू लागले. लिटरला तीस-पस्तीस किलोमीटर देणारी बुलेट खर्चिक वाटू लागली. येझदीचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. बुलेट टिकली. बिडाच्या सिलिंडरचे जुने इंजिन २०१०च्या सुमारास बंद झाले. 'जुनी बुलेट' म्हणतात ती हीच.

इंजिन विहिरीवरच्या इंजिनासारखे

विहिरीवरचे जुने ५ एच.पी.चे डिझेल इंजिन आठवा. फेरे कमी, फ्लायव्हील जड, पण पाणी ओढायला बसले की दमत नाही. बुलेटचे तसेच आहे. ३४६ सी.सी., एकच सिलिंडर. पिस्टनचा व्यास ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर. म्हणजे पिस्टन लांब पल्ला मारतो आणि आतली चाके वजनदार. ताकद जेमतेम १८ अश्वशक्तीची, पण ती कमी फेऱ्यांवरच मिळते. त्यामुळे मागे माणूस आणि दोन्ही बाजूंना ओझे असले तरी चढावर सारखा गिअर बदलावा लागत नाही.

गाडीचे वजन १६० किलोच्या वर आणि चाके १९ इंची. म्हणून वाऱ्याने हलत नाही आणि गाडीवाटेच्या चाकोरीत, खडीत डगमगत नाही. लांबच्या प्रवासाला तिचे नाव झाले ते या गुणांमुळे, वेगामुळे नव्हे. ताशी ६० ते ७० हा तिचा सुखाचा वेग. त्यापुढे पळवली की हातापायाला मुंग्या येतात, नटबोल्ट ढिले होतात आणि इंजिन तापते. शंभराने पळवायची असेल तर दुसरी गाडी बघावी.

किक मारण्याची रीत

जुनी बुलेट जोराने नव्हे, रीतीने चालू होते. चावी लावून किक हळू दाबत जावी. टाकीपुढच्या अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आला आणि किक कडक लागली की थांबावे. हँडलवरचा डीकॉम्प्रेसरचा खटका ओढून किक किंचित पुढे न्यावी, खटका सोडावा, किक पूर्ण वर येऊ द्यावी आणि मग एकच सरळ दणका द्यावा. ही रीत सोडून नुसती ताकद लावली तर किक उलटी बसते आणि पायाला जबर मार लागतो. वारंवार उलटी बसत असेल तर टायमिंग बिघडले आहे असे समजून मिस्त्रीला दाखवावे.

पाय सांभाळा

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आजच्या गाड्यांना गिअर डाव्या पायाला आणि ब्रेक उजव्या पायाला असतो. जुन्या बुलेटला नेमके उलटे. गिअर उजवीकडे, ब्रेक डावीकडे. पहिला गिअर वर उचलायचा, बाकीचे तीन खाली दाबायचे. नंतरच्या बुलेटमध्ये गिअर डावीकडे आला. रोज दुसरी गाडी चालवणारा मुलगा जुन्या बुलेटवर बसला आणि समोर अचानक म्हैस आली, तर त्याचा उजवा पाय सवयीने खाली जातो. तिथे ब्रेक नसतो, गिअर असतो! तेवढ्या क्षणात व्हायचे ते होऊन जाते. म्हणून गाडी घरी आली की आठ-पंधरा दिवस मोकळ्या माळावर सराव करावा. घरात दोन्ही प्रकारच्या गाड्या असतील तर बुलेट एकानेच चालवावी. येणाऱ्या-जाणाऱ्याला "जरा चक्कर मारून ये" म्हणून चावी देऊ नये.

ब्रेक दोन्ही चाकांना ड्रमचे आहेत आणि गाडी जड आहे. डिस्क ब्रेकच्या नव्या गाडीइतकी ती पटकन थांबत नाही, म्हणून पुढच्या वाहनापासून अंतर ठेवावे. खंडाळा असो वा कशेडी, उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायला जाऊ नये. ज्या गिअरने चढ चढलो त्याच गिअरने उतरावे. इंजिनच गाडी धरून ठेवते आणि ब्रेक तापून निकामी होत नाहीत.

सहा व्होल्टच्या जुन्या गाड्यांचा दिवा मिणमिणता असतो. साखर हंगामात रात्री रस्त्यावर रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या असतात. अशा गाडीवर अंधारात निघूच नये. हेल्मेटाबद्दल वेगळे सांगायला नको.

घेण्याआधी काय पाहाल?

१) गाडी थंड असताना बघावी. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवली असेल तर संशय घ्यावा.

२) बुलेट थोडे तेल पाझरतेच. इंजिनाखाली थारोळे साचत असेल तर मात्र सोडून द्यावी.

३) गरम झाल्यावर निळा धूर येत असेल तर रिंग, पिस्टन किंवा वाल्वचा खर्च धरून किंमत ठरवावी.

४) टॅपेटचे झाकण उघडून बघावे. इंजिन थंड आणि दोन्ही वाल्व बंद असताना पुशरॉड बोटांनी फिरली पाहिजे, पण वर-खाली खेळता कामा नये.

५) सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते का ते पाहावे. ओढत असेल तर चासी वाकलेली असू शकते.

नंतरची निगाही सोपी आहे. इंजिन तेल साधारण दोन हजार किलोमीटरला बदलावे. गिअरबॉक्सचे तेल वेगळे असते, ते विसरू नये. पॉइंट, प्लग, चेन आणि नटबोल्ट दर महिन्याला पाहावेत. पान्ह्याचा एक संच आणि थोडी समज असली की बरेचसे काम घरच्या घरी होते. खेड्यात ही गाडी टिकली त्याचे हेही एक कारण आहे.

कागद आधी, पैसे नंतर

फसवणूक इंजिनात कमी, कागदात जास्त होते. आर.सी.वरचा इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवर ठोकलेल्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळवावा. ठोकलेला नंबर घासल्यासारखा दिसला तर तिथूनच परत फिरावे. नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी गाडी आर.टी.ओ.कडे तपासून नूतनीकरण करावे लागते आणि पर्यावरण करही भरावा लागतो. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ व ३०, दुसऱ्या आर.टी.ओ.च्या हद्दीत न्यायची तर ना हरकतीचा फॉर्म २८ आणि जुने कर्ज असेल तर फॉर्म ३५ लागतो. "नंतर सही देतो" या बोलीवर पैसे देऊ नयेत. नाव बदलले नाही तर अपघाताच्या वेळी विकणारा आणि घेणारा दोघेही अडकतात. ग्रामसेवक, पोलीस पाटील मंडळींनी ही गोष्ट गावात जरूर सांगावी.

"गाडी विंटेज आहे, कागदाची भानगड नाही," असेही काही दलाल सांगतात. ते खरे नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ रूपातल्या वाहनालाच विंटेज नोंदणी मिळते. ते वाहन प्रदर्शन, रॅली अशा कामांपुरते काढता येते. रोज शेतावर किंवा बाजाराला नेता येत नाही. फटाके फोडणारा सायलेन्सर लावणे हाही गुन्हाच आहे.

डिझेल बुलेटची गोष्ट

एनफिल्डने ३२५ सी.सी.ची डिझेल बुलेटही काढली होती. ताकद साडेसहा अश्वशक्तीची, वेग बेताचा, पण ॲव्हरेज पेट्रोल बुलेटच्या जवळपास दुप्पट. गुजरातेत अमरेली जिल्ह्यातले शेतकरी मनसुखभाई जगानी यांनी १९९४ मध्ये ३२५ सी.सी.च्या बुलेटचे मागचे चाक काढून तिथे शेतीची अवजारे जोडली. 'बुलेट सांती' म्हणून त्यांचे नाव झाले. बैलजोडी ठेवणे परवडत नव्हते, त्यातून ही युक्ती निघाली. कोळपणी, पेरणीसारखी हलकी कामे तिने होतात.

जगानींनी गाडी निवडली ती तिच्या कामाकडे बघून. आपणही तेच करावे. रोजच्या शेताच्या फेरीला, दुधाला, तालुक्याला जायचे असेल तर शंभर सी.सी.ची गाडी स्वस्त पडते. सवडीने लांब जायची हौस आहे, हात काळे करायची तयारी आहे आणि कागद स्वच्छ आहेत, तरच जुनी बुलेट घ्यावी. मग ती नातवापर्यंत चालेल.