नवा माल करायचा? गटात तऱ्हेतऱ्हेची माणसं घ्या



हंगामात आवळा उदंड येतो आणि भाव कोसळतो. मग कुणी म्हणतं, "चला, आपण कँडी करू." दहा जण हौसेनं पुढं येतात. पण दहाही जण एकाच तऱ्हेचे असले, तर चूक कुठं होतेय हे कुणाच्याच ध्यानात येत नाही.

गुजरातेत आणंदला काय घडलं ते पाहा. १९४६ साली खेडा जिल्ह्यातल्या दूध उत्पादकांनी आपला संघ काढला. हिवाळ्यात म्हशीचं दूध इतकं वाढे, की मुंबईला पाठवूनही उरे. त्याची पावडर करावी, तर म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त, ते जमायचं नाही, असं परदेशी जाणकार सांगत. पण संघाजवळ माणसं तऱ्हेतऱ्हेची होती. त्रिभुवनदास पटेल हे शेतकऱ्यांचे विश्वासाचे पुढारी. वर्गीस कुरियन केरळचे, शिक्षणानं इंजिनिअर. दलाया हे दुग्धतंत्रज्ञ. दलायांनी म्हशीच्या दुधाची पावडर करून दाखवली आणि १९५५ साली कारखाना उभा राहिला. यातल्या एकट्यादुकट्याला हे झेपलं नसतं.

आपण काय करावं?

१. गटात पीक जाणणारा, चव जाणणारी सुगरण, हिशेब ठेवणारा आणि बाजार फिरलेला, असे चौघं तरी असावेत. बायका आणि तरुण पोरं यांनाही बैठकीत बोलू द्या.

२. माणसं वेगळी म्हणजे मतं वेगळी, वाद होणारच. वाद मालावर करा, माणसावर नको. शंका काढणाऱ्याला गप्प बसवू नका. पुढचं नुकसान तोच टाळतो.

३. हौस हवीच, तिच्यावाचून गट टिकत नाही. पण हौसेच्या भरात कर्ज काढून यंत्र घेऊ नका. आधी पाच किलो माल करा. आवळा किती, साखर किती, वाळवण किती दिवस, हे वहीत लिहा. काही बरण्या दोन-तीन महिने ठेवून बुरशी येते का बघा. अनोळखी गिऱ्हाइकाला चव द्या. घरचे तर गोडच म्हणतात.

४. विक्रीआधी अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी करून घ्या.

पहिला घाणा बिघडला तर खचू नका. कुठं चुकलं ते सगळ्यांनी मिळून शोधा आणि दुसरा घाणा घाला. गटाचं बळ खरं तिथंच कळतं.