फुटक्या कोशाची किंमत

भंडारा जिल्ह्यातलं आंधळगाव कोसा, म्हणजे टसर रेशीम, विणणाऱ्यांचं गाव. टसरचा कोश सोड्याच्या पाण्यात उकळला की सेरिसिन हा नैसर्गिक डिंक सैल पडतो आणि धागा सलग उकलतो. पण कोशातला पतंग आतून विकर सोडून, डिंक मऊ करून बाहेर पडला, तर तो कोश सलग उकलत नाही. मग फेकायचा? छे! तो ओढून हाताने कातायचा. या धाग्याला घिचा म्हणतात. जाडाभरडा, गाठाळ, मला तरी तोच देखणा वाटतो. उकलल्यावर उरलेला गुंताही कातला जातो. कारखान्यांना आज शिकवावं लागणारं, काहीच वाया न घालवण्याचं हे शहाणपण इथे पोटापाण्याचा हिशेब आहे. धागा उकलल्यावर उरलेले कोशातले किडेही माशांचं, कोंबड्यांचं प्रथिनयुक्त खाद्य होऊ शकतात.