कोरडे डोळे आणि घरगुती औषधे



डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, जळजळ होते, संध्याकाळी अक्षर अंधुक दिसते. आणि नवल असे की, मधूनच डोळ्यांतून पाणीही वाहते. ही बहुधा कोरड्या डोळ्यांची लक्षणे असतात. उतारवयात, विशेषतः स्त्रियांना, हा विकार अधिक होतो. मधुमेही लोकांनाही तो होतो, आणि आपल्या मॉरिशसमध्ये मधुमेहाचे प्रमाण मोठे आहे. संगणकापुढे बसणारे तरुणही त्यातून सुटत नाहीत, कारण टक लावून पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते.

अशा वेळी आपल्या घरांत प्रथम आजीची औषधे आठवतात: गुलाबपाणी, मध, एरंडेल. निसर्गाचे ते निर्दोष, अशी आपली समजूत. ती अर्धीच खरी आहे.

अश्रू म्हणजे नुसते पाणी नव्हे. पापण्यांच्या कडेच्या बारीक ग्रंथींतून तेल स्रवते व त्याचा पातळ थर अश्रूंवर पसरतो. त्यामुळे ते लवकर सुकत नाहीत. या ग्रंथींची तोंडे बुजली की डोळे कोरडे पडतात. म्हणून स्वच्छ फडका सोसवेल इतक्या ऊन पाण्यात भिजवून, पिळून, मिटलेल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटे ठेवणे हा जुना उपाय आजचे डॉक्टरही सांगतात. फडका निवला की पुन्हा भिजवावा.

माशाच्या तेलाचीही ख्याती मोठी आहे. परंतु २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील ५३५ रुग्णांच्या अभ्यासात वर्षभर हे तेल घेणाऱ्यांना ऑलिव्ह तेल घेणाऱ्यांपेक्षा विशेष गुण आला नाही. मासळी आवडीने खावी. महागड्या गोळ्यांवर भिस्त ठेवू नये.

डोळ्यांत घालायची वस्तू मात्र निर्जंतुकच हवी. २०२३ साली अमेरिकेत दूषित कृत्रिम अश्रूंमुळे पसरलेल्या जंतुसंसर्गात चौदा जणांची दृष्टी गेली व चौघे दगावले. कारखान्यात बंद केलेल्या बाटलीची ही गत, तर स्वयंपाकघरातील मधाची हमी कोण देणार?

डॉक्टरांकडे जाताना घरी डोळ्यांत काय घातले ते लपवू नये. डॉक्टरांनीही हसू नये; हसले की रुग्ण पुढच्या वेळी गप्प बसतो. डोळा लाल होऊन दुखू लागला, उजेड सोसेना किंवा नजर कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

आजीचा ऊन फडका जरूर ठेवा. मधाची बाटली मात्र डोळ्यांपासून दूरच असू द्या.