पाहुणे नंबर

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या पाटणकर बाजारात दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात पाय ठेवायला जागा नसते. लोक दुकानांच्या पाट्या वाचत चालतात, मी गाड्यांच्या. शाळेत असल्यापासूनची ही आवड, आणि वयाबरोबर ती वाढतच गेली आहे. एमपी ०७ म्हणजे ग्वाल्हेर, तो आपला घरचा नंबर. मुरैन्याचा ०६, भिंडचा ३०, दतियाचा ३२, शिवपुरीचा ३३ ही शेजारपाजारची मंडळी, दिवाळीची नाहीतर लग्नाची खरेदी करायला आलेली. त्यांच्यातच परराज्यातले मिसळलेले असतात: चंबळेपलीकडच्या धोलपूरचा आरजे ११, झाशीचा यूपी ९३, आग्र्याचा यूपी ८०, इटाव्याचा यूपी ७५. मध्य प्रदेशाच्या अगदी वरच्या कोपऱ्यात आमचं शहर. इथून आमची राजधानी भोपाळ लांब आणि दुसऱ्यांची गावं जवळ. त्यामुळे तीन राज्यांचे नंबर एका अरुंद रस्त्यावर एकमेकांना हॉर्न देत असतात.

धनत्रयोदशीच्या सुमारास नंबर बदलायला लागतात. गुरुग्रामचा एचआर २६, नोएडाचा यूपी १६, बंगळुरूचे केए वाले, आणि ज्याची मी खरी वाट पाहतो तो एमएच १२. ही पुणे पासिंगची गाडी बहुतेक वेळा पुणेकराची नसते. तिच्यातून उतरतो तो इथल्याच एखाद्या मराठी घरातला मुलगा, शिकायला म्हणून पुण्याला गेलेला आणि तिथेच नोकरीला लागलेला. धुळे, इंदूर, गुना, शिवपुरी करत हजारावर किलोमीटर गाडी हाकत तो आईवडिलांकडे दिवाळीला येतो. बोनेटवर दोन राज्यांची धूळ असते. कायद्याप्रमाणे दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो, एनओसी आणावी लागते, रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो. दिवाळीला आलेल्याला त्याची चिंता नसते. भाऊबीज झाली की तो परत निघतो.

टोरांटोजवळ राहणाऱ्या माझ्या भाचीलाही मी हे वेड लावलं आहे. कॅनडात बहुतेक प्रांतांच्या पाटीवर नंबराखेरीज एक छोटं वाक्य असतं, आणि परप्रांताची गाडी दिसली की ती मला फोटो पाठवते. अल्बर्टाची पाटी वर्षानुवर्षं स्वतःला रानगुलाबांचा मुलूख म्हणवत आली, सस्कॅचेवानची जिवंत आभाळाची भूमी, नोव्हा स्कोशियाची कॅनडाचं सागरी क्रीडांगण. क्वेबेकच्या पाटीवर पूर्वी ‘सुंदर प्रांत’ असं फ्रेंचमध्ये लिहिलेलं असे. १९७८ साली ते काढून तिथे ‘मला आठवतं’ आलं. वास्तुविशारद युजेन-एतिएन ताशे याने क्वेबेकच्या विधानभवनासाठी १८८३ मध्ये योजलेलं हे ब्रीद. पर्यटकांना बोलावणारं वाक्य काढून फ्रेंच भाषक प्रांताने आपल्या इतिहासाचं वाक्य गाडीवर चढवलं, हे मला फार धीट वाटतं. उत्तरेकडच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजची पाटी तर १९७० पासून ध्रुवीय अस्वलाच्या आकारातच कापलेली असते. ऑन्टारिओने २०२० साली नवं वाक्य आणि निळा रंग घेऊन पाट्या काढल्या, पण त्या रात्री वाचताच येईनात, म्हणून काही महिन्यांत बंद कराव्या लागल्या. पाटी मुळात वाचण्यासाठी असते, हे तिथल्या पोलिसांनी सरकारला ऐकवलं ते योग्यच झालं.

आपल्याकडे पाटीवर नंबराशिवाय काही लिहायला मनाई आहे, म्हणून आपली ब्रीदं मागच्या काचेवर गेली. त्यांच्यावरून जिल्हा ओळखायचा आणि मग खाली नंबर बघायचा, ही माझी आवडती पद्धत. ‘आई एकविरा’ दिसलं तर ०४, ०५ किंवा ०६, ठाणे-कल्याण-रायगडकडचे. ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’ म्हणजे एमएच ०९, कोल्हापूर, त्याला पाहायचीसुद्धा गरज नाही. ‘येळकोट’ असेल तर पुणे-साताऱ्याकडे पाहायचं. नंबरातही मराठी माणसाने अक्षरं शोधली: ४१४१ असा लिहायचा की दादा वाचावं, ४९१२ असा की पवार वाचावं. आमच्या चंबळच्या भागात मात्र पाटीवरच जातीचं नाव रंगवायची खोड आहे. ती नियमाविरुद्ध आहे आणि मला मनापासून नकोशी वाटते. गाव कळावं, जात कशाला?

इतिहास थोडक्यात सांगतो. पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ मध्ये गाड्यांना पाट्या सक्तीच्या केल्या, नेदरलँड्सने १८९८ पासून देशभर नंबर दिले. आपल्याकडे मोटार वाहनांचा मोठा कायदा १९३९ चा, त्याच्या जागी १९८८ चा आला, तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला, आणि राज्याची दोन अक्षरं व मग जिल्ह्याचे दोन आकडे ही आजची पद्धत रुळली. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना शोरूममधूनच उच्च सुरक्षा पाटी मिळते, अशोकचक्राचा होलोग्राम आणि निळ्या अक्षरांत आयएनडी असलेली. रंगाऱ्यांच्या हातच्या वळणदार आकड्यांचे दिवस तिथे संपले.

राज्यं बदलली तशी अक्षरंही बदलली. उत्तराखंडचं यूए जाऊन २००७ मध्ये यूके आलं, ओडिशाचं ओआर २०१२ मध्ये ओडी झालं, तेलंगणाचं टीएस २०२४ मध्ये टीजी. मध्य प्रदेशाच्या यादीत २२ हा सिवनीचा आणि २८ छिंदवाड्याचा, मधले आकडे रिकामे आहेत. ते नोव्हेंबर २००० मध्ये छत्तीसगडबरोबर गेले. त्या रिकाम्या आकड्यांपाशी मी नेहमी थांबतो. राज्याची फाळणी नंबरांच्या यादीत इतकी उघड दिसते.

महाराष्ट्राची यादी ही मला सगळ्यांत देखणी वाटते, कारण ती प्रवासासारखी चालते. ०१, ०२, ०३ मुंबई, ०४ ठाणे, ०५ कल्याण, ०६ रायगड, मग खाली उतरून ०७ सिंधुदुर्ग, मागे वळून ०८ रत्नागिरी. तिथून घाट चढून ०९ कोल्हापूर, १० सांगली, ११ सातारा, १२ पुणे, १३ सोलापूर. नकाशा न बघता बोट फिरवता येतं. आणि ग्वाल्हेरच्या माणसाला त्या बोटाखाली आपलाच इतिहास सापडतो.

शिंदे घराणं कण्हेरखेडचं, सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातलं, म्हणजे एमएच ११. राणोजी शिंद्यांनी उज्जैनला बस्तान बसवलं तो आजचा एमपी १३. महादजी शिंदे १७९४ मध्ये वानवडीला वारले, ती एमएच १२. पुढे दौलतरावांनी १८१० च्या सुमारास छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली आणली आणि तिचंच लष्कर हे शहर झालं. त्यांच्याबरोबर जे सरदार आले त्यांची नावं आजही आमच्या पत्त्यांत आहेत: फालका बाजार, शितोळे साहेबांची गोठ, महाडिकांची गोठ, चिटणिसांची गोठ, आणि आमचा पाटणकर बाजार, ज्याच्या नावात कोयनेकाठचं पाटण आहे. पाटणहून जवळचं मोठं गाव कराड, तिथल्या गाड्यांचा नंबर एमएच ५०. आंग्र्यांचं घराणं कुलाब्याचं, म्हणजे आजचा एमएच ०६. हे सगळे त्या काळी घोड्यांवर आणि बैलगाड्यांवर आले. पण त्यांच्या वाटा आज नंबरांवरून परत वाचता येतात, आणि मी वाचतो.

राणी लक्ष्मीबाईंचं आयुष्य मी मुलांना नेहमी असंच सांगतो. जन्म काशीचा, यूपी ६५. बालपण बिठूरला, कानपूरजवळ, यूपी ७८. १८४२ मध्ये लग्न होऊन झाशीला, यूपी ९३. सासरचे नेवाळकर मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोट गावचे, एमएच ०८. १८५८ मध्ये झाशी सोडून घोड्यावरून काल्पी, यूपी ९२. आणि जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरला, एमपी ०७, जिथे त्या लढता लढता पडल्या. फूलबागेजवळच्या त्यांच्या समाधीपाशी उभं राहिलं की महाराष्ट्रातून आलेल्या गाड्यांची रांगच दिसते. त्यांच्याबरोबर लढलेले तात्या टोपे येवल्याचे. त्यांना एप्रिल १८५९ मध्ये शिवपुरीला, एमपी ३३ मध्ये, फाशी दिली गेली. सुटीत महाराष्ट्रातून येणारी माणसं झाशी बघून इथे येतात आणि शिवपुरीवरून परततात. त्यांच्या गाडीचा मार्ग त्या लढ्याच्याच खुणांवरून जातो.

समाधीवरून बाजारात आलेली अशीच एक गाडी मला विसरता येत नाही. पाटणकर बाजारात, एका ओळखीच्या कापडवाल्याच्या दुकानासमोर, एमएच ०७ उभी होती, सिंधुदुर्गची. आणि तिला खेटून एक एमपी ०७. दोन सात शेजारी शेजारी. मी चालकाच्या खिडकीशी जाऊन मराठीत विचारलं, “कणकवली का?” आतल्या काकांनी आश्चर्याने बघितलं. “सावंतवाडी. तुमी हयसरले काय?” म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “आम्ही पिढ्यान् पिढ्या इथलेच, काका.” त्यांनी घरच्या मंडळींना खाली उतरवलं, मी त्यांना जवळच गरम कचोरी खायला नेलं, आणि बोलता बोलता कळलं की त्यांना नंबरांत मुळीच गम्य नव्हतं. दोन्ही गाड्यांना सातच नंबर आहे, हे मी दाखवल्यावर काकूंनी आवर्जून त्यांचा फोटो काढून घेतला.

मी तेव्हापासून सातांचाच माग ठेवतो. गोव्याचा ०७ पणजीचा, केरळचा एर्नाकुलमचा, कर्नाटकचा कोलारचा, राजस्थानचा बिकानेरचा, छत्तीसगडचा दुर्गचा, उत्तराखंडचा डेहराडूनचा. केरळचा आणि कर्नाटकचा ०७ अजून इथे भेटायचे आहेत. डेहराडूनची यूके ०७ मात्र हिवाळ्यात तानसेन समारोहाच्या वेळी हमखास दिसते.

सैन्याच्या गाड्या या यादीत बसत नाहीत. मोरारच्या छावणीतून येणाऱ्या गाड्यांवर वर बोट दाखवणारा बाण आणि मग खरेदीच्या वर्षाचे दोन आकडे असतात, राज्य नसतं. शासकीय गाड्यांना मध्य प्रदेशात ०२ आणि पोलिसांना ०३, त्यांनाही जिल्हा नसतो. सप्टेंबर २०२१ पासून बदलीच्या नोकरीवाल्यांसाठी बीएच मालिका आली: आधी वर्ष, मग बीएच. सैनिक, केंद्रीय कर्मचारी, चार किंवा त्याहून जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या कंपन्यांचे नोकर यांना प्रत्येक बदलीत नंबर बदलावा लागत नाही, ही मोठी सोय झाली. पण त्या पाटीत गाव राहत नाही. बीएचवाला मुलगा बाजारात भेटला तर त्याला विचारावंच लागतं की बाबा, तू कुठून आलास. मला तर वाटतं, बीएचच्या पाटीवर एका कोपऱ्यात गाडीच्या मूळ जिल्ह्याचं नाव बारीक अक्षरांत असावं. नियमांत ती जागा सहज करून देता येईल.

आता आमच्या ०७ कडे परत येतो, कारण तो बाहेर सर्वांत जास्त दिसतो आणि त्यामागे एक जत्रा आहे. माधवराव शिंद्यांच्या काळात १९०५ साली सुरू झालेला ग्वाल्हेर व्यापार मेळा हिवाळ्यात भरतो. मध्य प्रदेश सरकार बऱ्याच वर्षी मेळ्यात घेतलेल्या गाड्यांच्या रोड टॅक्सवर ५० टक्के सूट देतं, आणि अट असते की नोंदणी ग्वाल्हेरच्या आरटीओतच व्हावी. मोठ्या गाडीवर ही बचत लाखात जाते. त्यामुळे इंदूर, भोपाळ, जबलपूरचे लोक गाडी घ्यायला ग्वाल्हेरला येतात, आणि त्यांच्या अंगणात एमपी ०७ जाऊन उभी राहते. इंदूरच्या राजवाड्यासमोर मी असा नंबर पाहिला की पूर्वी धावत जाऊन विचारायचो, “ग्वाल्हेरचे का?” उत्तर असायचं, “नाही, मेळ्याची गाडी.” आता मी त्या गाडीला मनातल्या मनात मेळ्याची सात म्हणतो.

२०२४ पासून उज्जैनलाही विक्रमोत्सवाच्या व्यापार मेळ्यात तीच सूट मिळू लागली, आणि तिथली अट उज्जैनच्या आरटीओची, एमपी १३. त्यामुळे भोपाळच्या रस्त्यांवर आता ०७ आणि १३ या दोन्ही नंबरांच्या चकचकीत गाड्या दिसतात. शिंद्यांची पहिली राजधानी आणि दुसरी, एकाच सिग्नलला. येत्या हिवाळ्यात मी भोपाळला जाणार आहे, आणि तिथे दोघींपैकी कोण जास्त दिसते ते मोजणार आहे.