बारीक पाइप आणि जुन्या घराची ऊब

इंग्लंडमध्ये व्हिक्टोरियन काळातलं, लाकडी जमिनीचं घर घेतलं की पहिल्याच हिवाळ्यात रेडिएटरचा विषय निघतो. जुने पाइप आतून गंजलेले, वरच्या मजल्यावरचे रेडिएटर जेमतेम कोमट. सगळी जोडणी नव्याने करायचं ठरतं, प्लंबर १० मिलिमीटरचा तांब्याचा पाइप, म्हणजे मायक्रोबोअर, सुचवतो आणि शंकांना सुरुवात होते. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: एवढ्याशा पाइपातून अख्खी खोली तापणार कशी?

तापते, आणि व्यवस्थित तापते. पाइप किती उष्णता नेतो हे दोन गोष्टींवर ठरतं: मिनिटाला किती पाणी वाहतं आणि रेडिएटरमधून जाताना ते किती अंशांनी निवतं. पाणी ७० अंशांवर आत गेलं आणि ५० अंशांवर परतलं, तर १ किलोवॉटसाठी मिनिटाला जेमतेम ०.७ लिटर पाणी पुरतं. म्हणजे दीड किलोवॉटच्या रेडिएटरला साधारण १ लिटर. १० मिमीच्या तांब्याच्या पाइपाचा आतला व्यास साधारण ८.८ मिमी असतो. त्यातून हे पाणी सेकंदाला ३० सेंटिमीटरच्या आसपास वेगाने जातं. आवाज येऊ लागायला याच्या तिपटीहून जास्त वेग लागतो. जाऊन-येऊन २० मीटर सरळ पाइप धरला, तरी घर्षणात जाणारा दाब पाण्याच्या ४० सेंटिमीटर उंचीइतकाही भरत नाही. घरगुती पंप ५-६ मीटरचा दाब सहज देतो.

हा हिशोब प्रत्येक रेडिएटरला पाइपांची स्वतंत्र जोडी दिली तरच लागू पडतो. बॉयलरपासून २२ मिमीची मुख्य लाइन मॅनिफोल्डपर्यंत, म्हणजे फाटे फुटतात त्या जोडापर्यंत, आणायची आणि तिथून प्रत्येक रेडिएटरला जाणारा एक व येणारा एक असे दोन बारीक पाइप न्यायचे, ही मायक्रोबोअरची खरी रचना. एकाच १० मिमीच्या पाइपावर एकामागून एक चार रेडिएटर लटकवले, तर शेवटचा गारच राहणार. त्यात दोष पाइपाचा नाही, मांडणीचा आहे.

‘तांब्याचा काय, प्लास्टिकचा काय, १० मिमी म्हणजे १० मिमी’ हेही खरं नाही. हा आकडा बाहेरच्या व्यासाचा आहे. प्लास्टिकची भिंत जाड असल्याने आतली वाट साधारण ७ मिमीच उरते आणि जोडावर आत घालायच्या बाहीमुळे ती आणखी अरुंद होते. लांबच्या खोलीसाठी मी तरी तांबंच घ्यायला सांगेन.

चोंदण्याची भीती मात्र साधार आहे. १९७०च्या दशकात या पद्धतीची बरीच घरं बांधली गेली. त्यांतले ८ मिमीचे पाइप पुढे बुजले आणि मायक्रोबोअरचं नाव खराब झालं. पण पाइप बुजवणारा काळा गाळ तांब्यातून येत नाही. तो रेडिएटरच्या पोलादातून येतो: पाण्यात प्राणवायू शिरला की आतला पत्रा गंजतो आणि काळं, चुंबकाला चिकटणारं लोहभस्म तयार होतं. म्हणून नव्या बारीक पाइपावर जुने रेडिएटर तसेच चढवणं धोक्याचं. ते काढून बाहेर अंगणात न्यावेत, उभे-आडवे करून, रबरी मॅलेटने हलके ठोकत, स्वच्छ पाणी येईपर्यंत नळीने धुवावेत. बॉयलरकडे परतणाऱ्या लाइनवर चुंबकीय फिल्टर बसवावा आणि पाण्यात गंजरोधक रसायन घालावं. फिल्टर उघडल्यावर चुंबकावर शाईसारखा लगदा चढलेला दिसला, की हा खर्च का करायचा ते वेगळं सांगावं लागत नाही. प्लास्टिक वापरणार असाल, तर प्राणवायू अडवणारा थर असलेलाच पाइप हवा.

आता जुन्या घराचा खरा प्रश्न: तुळया. पाइप कुठूनही, कसाही नेता येतो, असा समज आहे आणि त्यापायी कितीतरी जमिनी खिळखिळ्या झाल्या आहेत. वरच्या कडेला खाच पाडायची तर ती तुळईच्या उंचीच्या आठव्या हिश्श्याहून खोल नको, असा ब्रिटनमधला प्रचलित नियम आहे. २०० मिमी उंचीच्या तुळईला २५ मिमी. तीही आधारापासून गाळ्याच्या ७ ते २५ टक्के अंतरातच. भोक पाडायचं तर मध्यरेषेवर, उंचीच्या पाव भागाहून मोठं नाही, आणि आधारापासून २५ ते ४० टक्क्यांच्या पट्ट्यात. मध्यरेषेवर ताण सर्वांत कमी असतो. शिवाय तिथला पाइप फळ्यांच्या खिळ्यांपासूनही लांब राहतो. पण ४० सेंटिमीटर अंतरावरच्या तुळयांच्या भोकांतून ताठ, ३ मीटरचा पाइप ओवणार कसा? मऊ तांब्याचं वेटोळं मात्र मोजक्या फळ्या उचलून सरकवता येतं. १५ मिमीचा प्लास्टिक पाइपही असा ओवता येतो, फक्त भोक मोठं लागतं. भोक पाइपाहून थोडं सैल ठेवावं, कारण १० मीटर तांबं ५० अंशांनी तापलं की साडेआठ मिलिमीटर लांबतं आणि लाकडाला घासून रात्री टकटक करतं.

फळ्या उचलताना जुन्या पाइपांवर पांढरट-करडं आवरण दिसलं तर हात लावू नये. ते ॲस्बेस्टॉस असू शकतं, आधी तपासणी.

‘मायक्रोबोअर केलं की हीट पंपाचं दार बंद’ हे अर्धसत्य आहे. बॉयलरऐवजी हीट पंप बसवला, तर पाणी साधारण ५ अंशांनीच निवतं, म्हणजे तेवढ्याच उष्णतेसाठी चौपट पाणी लागतं आणि घर्षण दहापटीहून वाढतं. १० मिमीच्या तांब्यावर १ किलोवॉटपर्यंतचा, जवळचा रेडिएटर तरीही चालतो. दिवाणखान्यातला मोठा रेडिएटर चालत नाही. तेव्हा काम काढण्याआधी प्रत्येक खोलीचा उष्णतेचा हिशोब प्लंबरकडून लेखी घ्यावा, मोठ्या खोल्यांना आत्ताच १५ मिमीचा पाइप टाकून घ्यावा आणि दाबाची चाचणी झाल्याशिवाय एकही फळी ठोकू देऊ नये.