फोन एक, मुलं पाच
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

हल्ली शाळेच्या कार्यक्रमाला पाहुणा म्हणून गेलं, की हार-नारळाच्या आधी एक खोली दाखवतात. भिंतीवर पांढरा पडदा, वर प्रोजेक्टर, कोपऱ्यात संगणक आणि दारावर पाटी – ‘डिजिटल वर्ग’. गावाने लोकवर्गणी काढून, गुरुजींनी पदरचे पैसे घालून हे सगळं उभं केलेलं असतं. त्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. पण पडदा उजळला, चित्रं हलू लागली, की माझं लक्ष शेवटच्या रांगेकडे जातं. तिथली मुलं बघत असतात, हसतही असतात. पण बोलतात का? आज मला बोलायचं आहे ते याच प्रश्नाबद्दल.

मी शिक्षक नाही. बी. ए. झालो, कविता लिहितो आणि कवितेच्या निमित्ताने शाळाशाळांतून जातो. राहतो धर्माबादला. नांदेडहून निजामाबादकडे जाणाऱ्या रेल्वेवरचं हे आमचं गाव. इथून पुढे बासर येतं, तेलंगण सुरू होतं. बासरच्या सरस्वतीच्या देवळात दोन्हीकडचे लोक लेकरांना पहिलं अक्षर गिरवायला घेऊन जातात. अशा गावात मूल शाळेत येतं ते नुसतं दप्तर घेऊन येत नाही, घरची भाषाही घेऊन येतं. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी गोरमाटी, आमच्यासारख्यांच्या घरी दखनी. आणि समोरचं पुस्तक प्रमाण मराठीत.

ही अडचण नवी नाही. निजामाच्या राज्यात मराठी घरातल्या मुलांना वरच्या वर्गांत उर्दूतून शिकावं लागे. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ 1918 साली स्थापन झालं, तेही उर्दू माध्यमाचं. तेव्हा मराठी बोलणारं मूल वर्गात गप्प बसे. आज तेलुगू किंवा दखनी बोलणारं मूल गप्प बसतं. भाषा बदलली, गप्प बसणं तेच राहिलं. आणि गप्प बसलेल्या मुलाला पुढे आपण ‘कच्चा’ म्हणून बाजूला काढतो. खरा धोका इथे आहे. मूल हुशार आहे की नाही हे कळायच्या आधीच त्याचा निकाल लागून गेलेला असतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं, असं म्हटलं आहे. पण एकाच वर्गात चार घरभाषा असतील तर एकट्या गुरुजींनी काय करावं?

इथे मला मोबाइल फोन उपयोगी वाटतो. पडदा म्हणून नव्हे, कान म्हणून. फोनवर आवाज भरून ठेवण्याची सोय असते. त्यासाठी इंटरनेट लागत नाही, महागडा फोनही लागत नाही. मी वर्गात गेलो की मुलांना एक काम देतो. उद्या येताना आजीकडून एक शब्द आणायचा, तिच्या आवाजात. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांनी तो पाठ करून आणायचा. दुसऱ्या दिवशी वर्गात शब्दांचा बाजार भरतो. चिंच हा शब्द घ्या. दखनीत इमली, तेलुगूत चिंतपंडू, चिंचेच्या झाडाला चिंतचेट्टू. ‘चिंच’ आणि ‘चिंत’ हे शब्द मुलांनी शेजारी शेजारी ऐकले, की त्यांच्याच लक्षात येतं की हे शब्द एकमेकांचे नातलग दिसतात. पण हळदीला हल्दी आणि तेलुगूत पसुपु. इथे मराठी आणि दखनी जवळ, तेलुगू लांब. असं का, हा प्रश्न मग मुलंच विचारतात. भाषेचा तास यापेक्षा चांगला सुरू होत नाही. आणि त्या दिवशी शेवटच्या रांगेतलं तेलुगू घरचं मूल उठून सगळ्या वर्गाला उच्चार दुरुस्त करून देतं. वर्गाला काही शिकवण्याची त्याची ती पहिली वेळ असते.

सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडी नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी यांना 2020 साली ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. दहा लाख डॉलरचा हा पुरस्कार, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्यांच्या कामातली सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे पुस्तकातला क्यूआर कोड. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा तो चौकोन. फोनचा कॅमेरा त्यावर धरला, की कविता ऐकू येते, धडा दिसतो, स्वाध्याय उघडतो. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले. पण मला यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. हा कोड एखाद्या कंपनीच्या कार्यालयात नव्हे, खेड्यातल्या वर्गात पुस्तकाला चिकटला. आपल्या मुलांना काय अडतं हे आधी गुरुजींना कळलं, यंत्र त्याच्या मागून आलं. हा क्रम उलटा झाला, की प्रोजेक्टरवर धूळ बसते.

आता मुलांनी मिळून शिकण्याविषयी. 1999 साली सुगत मित्र यांनी दिल्लीतल्या कालकाजी भागात झोपडपट्टीला लागून असलेल्या भिंतीत एक संगणक बसवला. शिकवणारं कुणी नाही. मुलं घोळक्याने जमली, एकमेकांना दाखवत तो चालवायला शिकली. ‘भिंतीतलं भोक’ म्हणून हा प्रयोग जगभर गाजला. घोळक्यात मुलं भराभर शिकतात, हे त्यातून दिसलं. पण तिथे जाऊन आलेल्या टीकाकारांनी दुसरी बाजूही नोंदवली, ती म्हणजे संगणकाशी मुलगेच जास्त, मुली कमी. म्हणजे नुसता घोळका पुरत नाही. त्यात कुणी काय करायचं, हे मोठ्या माणसाने ठरवून द्यावं लागतं.

आमच्याकडचंच उदाहरण देतो. धर्माबाद म्हणजे मिरचीची बाजारपेठ. हंगामात गावात शिरलं की आधी ठसका लागतो. या मिरचीवर गणिताचे आठ दिवस सहज निघतात. पाच मुलांचा एक गट करायचा. एक किलो ओली लाल मिरची फडक्यावर वाळत घालायची आणि रोज एका ठरलेल्या वेळी तोलायची. एकाने काटा धरायचा, एकाने वहीत मांडायचं, एकाने फोनवर फोटो काढायचा, एकाने अडतीवरच्या माणसाला प्रश्न विचारायचे, एकाने वर्गाला सांगायचं. दुसऱ्या दिवशी कामं बदलायची. फोन एक आणि मुलं पाच, ही अडचण नाही, सोय आहे. प्रत्येकाच्या हातात फोन दिला तर पाच जण पाच दिशांना जातील. एकच असला, की बोलावं लागतं, वाट पाहावी लागते, दुसऱ्याचं ऐकावं लागतं. वजन रोज किती घटलं, सुरुवातीला जास्त आणि नंतर कमी का घटलं, ओली मिरची विकणारा आणि वाळवून विकणारा यांच्यात फायद्यात कोण – शेकडेवारी, आलेख, नफा-तोटा सगळं त्यात आलं. आणि जिचे वडील बाजारात हमाली करतात ती मुलगी त्या दिवशी वर्गातली सर्वांत जाणकार ठरते.

यावर कुणी म्हणेल, यात तंत्रज्ञान ते किती? महाराष्ट्राला ही वाट जुनीच आहे. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. माँटेसोरीबाईंची साधनं महाग, म्हणून त्यांनी आणि अनुताई वाघांनी शिंपले, बिया, खडे यांतून साधनं घडवली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाकडे गेली पाहिजे, म्हणून गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरवली. अरविंद गुप्तांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी एवढ्यावर भूमिती हातात दिली. आगकाड्यांचा त्रिकोण दाबला तरी मोडत नाही, चौकोन मात्र लगेच कलंडतो. पूल आणि छपरं त्रिकोणांनी का बांधतात, ते मुलाच्या बोटांना कळतं. हेही तंत्रज्ञानच.

आणि ज्या साधनावरून मी आत्ता बोलतो आहे, त्या रेडिओला कसं विसरू? 2020 च्या टाळेबंदीत शाळा बंद झाल्या, तेव्हा घरात एकच फोन आणि तोही वडिलांच्या खिशात, अशी कितीतरी घरं होती. अशा वेळी नागपूर आकाशवाणीवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ हा कार्यक्रम सुरू झाला. ज्याला आपण जुनं म्हणून माळ्यावर टाकलं होतं, ते यंत्र नव्या यंत्राच्या आधी मुलापर्यंत पोचलं.

आज फोन पोचलेत. ग्रामीण भारताच्या ‘असर’ अहवालानुसार 2024 मध्ये चौदा ते सोळा वयाच्या सुमारे 82 टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरलेली मुलं 57 टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरलेली 76 टक्के. म्हणजे फोन कसा चालवायचा हे आता मुलांना शिकवावं लागत नाही. तो कशासाठी हातात घ्यायचा, हे मात्र सांगावं लागतं. आणि ते फोन सांगत नाही.

म्हणून शिक्षक बंधू-भगिनींना माझी विनंती आहे. या आठवड्यात एक तास असा ठेवा, की त्यात तुम्ही कमी बोलाल. पाच-पाच मुलांचे गट करा, गटाला एक फोन द्या. फोन नसेल तर एक वही द्या. घरच्या माणसाकडून, घरच्या भाषेत काहीतरी मिळवून आणायला सांगा. पेरणीची माहिती असेल, भाकरीची असेल, विहिरीच्या पाण्याची असेल. दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा शेवटच्या रांगेतल्या गटाला बोलवा. आणि आईवडिलांनो, लेकरू फोन घेऊन तुमच्यासमोर बसलं आणि म्हणालं, ‘अब्बा, सांगा ना,’ ‘नाना, सांगा ना,’ तर हातातलं काम पाच मिनिटं बाजूला ठेवा. त्याचा उद्याचा धडा तुमच्याकडे आहे.